पॉलिसीतील शब्द आणि हातात पडणारी रक्कम

विम्याचा विषय निघाला की आमच्या बेळगाव भागात पहिला प्रश्न 'क्लेम मिळतो का?' असाच असतो. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा, म्हणजे 'किती मिळतो आणि कोणाच्या हातात पडतो?' हा, जास्त महत्त्वाचा आहे. शहापूर, वडगाव आणि उद्यमबाग परिसरातील विणकर, दुकानदार आणि लहान कारखानदार यांचे हिशेब व करविवरणपत्रे तयार करणे हे माझे काम असून, त्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्यांच्या विम्याच्या पॉलिसीही माझ्या टेबलावर येत असतात. दावा साफ फेटाळला गेल्याच्या तक्रारीपेक्षा, दावा मंजूर होऊनही हाती फारच थोडे आले, ही तक्रार मला अधिक ऐकू येते. अशा बहुतेक प्रकरणांत कपातीचे कारण पॉलिसीत आधीपासून छापलेले असते. ते एखाद्या साध्या दिसणाऱ्या शब्दात दडलेले असते आणि तो शब्द सही करताना कोणी समजावून सांगितलेला नसतो.

सीमाभागात ही अडचण थोडी अधिक आहे, कारण घरात मराठी, सरकारी योजनेचा अर्ज कन्नडमध्ये आणि कंपनीची पॉलिसी इंग्रजीत, अशा तीन भाषांतून आपल्याला वाट काढावी लागते. आरोग्य विम्यात त्यावर एक उपाय आहे. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत साध्या भाषेतील ग्राहक माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक असून, ग्राहकाने मागणी केल्यास ते स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावे असे नियामकाने, म्हणजे हैदराबादस्थित 'इर्डाई'ने, सांगितलेले आहे. ही मागणी आपण करावी, तीही लेखी करावी. तरीही पॉलिसीतील शब्द आपल्यालाच समजून घ्यावे लागतात.

नुकसानीची पाहणी करणारे सर्वेअर आणि कंपनीचे अधिकारी पेरिल, हॅझर्ड आणि रिस्क हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतात, पण बोलताना आपण तिन्हींना सरसकट 'धोका' म्हणतो. वडगावातील यंत्रमागाच्या शेडचे उदाहरण घेऊ. तिथे आग लागणे ही आपत्ती, म्हणजे पेरिल. विजेच्या वायरींवर साचलेली सुताची तूस, उघडा स्विचबोर्ड आणि माळ्यावर कोंबलेला तयार माल ही आपत्तीची शक्यता वाढवणारी परिस्थिती, म्हणजे हॅझर्ड. आणि या दोन्हींमुळे मालकाला किती नुकसान किती संभाव्यतेने होऊ शकते, ती अनिश्चितता म्हणजे जोखीम, म्हणजेच रिस्क. पॉलिसीत नाव घेऊन लिहिलेल्या आपत्तीनेच नुकसान झालेले असावे लागते, म्हणून पहिला शब्द दाव्याच्या वेळी कामी येतो. दुसरा शब्द हप्ता ठरताना कामी येतो, आणि तूस झाडून टाकण्याने तो आपल्या हातात राहतो. विमा आहे म्हणून वायरिंगकडे दुर्लक्ष होऊ लागले तर त्याला नैतिक जोखीम म्हणतात. कंपन्या तिला फार घाबरतात, आणि माझ्या मते ती भीती रास्त आहे.

जोखमीच्या व्यवस्थापनात विमा हा शेवटचा मार्ग असतो. जोखीम टाळता येते, कमी करता येते, जाणीवपूर्वक स्वतःकडे ठेवता येते किंवा दुसऱ्याकडे सोपवता येते. वेदगंगेच्या पूररेषेत गोदाम न बांधणे हे टाळणे झाले, आणि गोदामाचा जोता उंच करणे, तंबाखूची बोदे लाकडी फळ्यांवर रचणे हे कमी करणे झाले. गाडीच्या बारीकसारीक ओरखड्यांचा खर्च खिशातून करणे म्हणजे जोखीम स्वतःकडे ठेवणे. एवढे सगळे करूनही जे नुकसान पेलणार नाही, तेवढेच विमा कंपनीकडे सोपवायचे असते. पॉलिसीत 'वजावट' किंवा डिडक्टिबल म्हणून जी रक्कम लिहिलेली असते, ती आपण स्वतःकडे ठेवलेल्या जोखमीचेच लेखी रूप होय, आणि ती वाढवली की हप्ता उतरतो. आपल्याकडे अनेकजण विम्याकडे भिशीसारखे पाहतात आणि वर्षभर काही झाले नाही तर 'हप्ता फुकट गेला' असे म्हणतात. परंतु भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतोच, तर विम्यात शंभर जणांच्या हप्त्यातून ज्या दोघातिघांवर संकट आले त्यांना भरपाई मिळते आणि बाकीच्यांचा नंबर लागू नये हीच अपेक्षा असते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे रकमेकडे येतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान ज्या शब्दाने केले आहे तो शब्द म्हणजे 'अंडर-इन्शुरन्स', अर्थात अपुरा विमा, आणि त्याला जोडून येणारे 'ॲव्हरेज'चे कलम. समजा, शेडमधील यंत्रमाग, सूत आणि तयार साड्या मिळून मालमत्तेची खरी किंमत २० लाख रुपये आहे, आणि विमा १० लाखांचा उतरवला आहे. आगीत ४ लाखांचे नुकसान झाले. मालकाला वाटते की विमा १० लाखांचा असल्यामुळे ४ लाख सहज मिळतील. ॲव्हरेजच्या कलमानुसार हिशेब मात्र असा होतो की मालमत्तेच्या निम्म्या किमतीचाच विमा होता, म्हणजे उरलेल्या निम्म्या भागाचा विमा मालकाने स्वतःच घेतला होता, म्हणून नुकसानीपैकी निम्मे, २ लाख रुपये, कंपनी देईल आणि निम्मे मालक सोसेल. यात कंपनीने फसवले असे म्हणता येत नाही, कारण हप्ताही निम्म्याच मालमत्तेचा भरलेला होता. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

अपुरा विमा बहुधा हेतुपुरस्सर उतरवला जात नाही. बँकेने किंवा सोसायटीने दिलेल्या कर्जाच्या रकमेइतकाच विमा उतरवला जातो आणि मालकाला वाटते की सगळी शेड विम्यात आहे. कर्ज ८ लाखांचे, मालमत्ता २० लाखांची, आणि पॉलिसी कर्जाच्या फाइलमध्ये बँकेच्या कपाटात, अशी ही परिस्थिती असते. शिवाय अशा पॉलिसीत बँकेचे कलम असल्यामुळे भरपाईची रक्कम आधी कर्जखात्यात जाते. यंत्रांच्या किमती वाढत असताना पाच वर्षांपूर्वीचाच आकडा दरवर्षी पुढे ओढणे हे दुसरे कारण. तिसरे कारण दिवाळी किंवा लग्नसराईच्या आधी मालाचा साठा दुप्पट होतो आणि पॉलिसीतील आकडा वर्षभराच्या सरासरीचा राहतो, हे आहे. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसीत, म्हणजे एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठीच्या पॉलिसीत, १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा दुर्लक्षित केला जातो. वरच्या उदाहरणात किमान १७ लाखांचा विमा असता तर कपात झाली नसती. त्याच वेळी आलेल्या 'भारत गृह रक्षा' या घराच्या पॉलिसीत तर अपुऱ्या विम्याची कपातच काढून टाकलेली आहे, मात्र घराचे क्षेत्रफळ आणि इतर माहिती खरी दिलेली असावी लागते. या दोन्ही पॉलिसींत पुराचे संरक्षण अंतर्भूत आहे, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या पुराने जिल्ह्यात हाहाकार माजवला, आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली, हे सर्वांना आठवत असेल. पुराच्या दाव्यात दोन कल्पना वारंवार पुढे येतात. पहिली म्हणजे 'जागा'. पॉलिसी ही साधारणपणे तिच्यात लिहिलेल्या पत्त्यावरील मालापुरती असते. पाणी चढू लागले म्हणून माल भावाच्या गोदामात हलवला, तर हलवलेल्या मालासाठी पॉलिसीत काही तरतूद आहे का आणि ती विमा रकमेच्या किती टक्क्यांपर्यंत आहे, हे पावसाळ्याआधी पाहून ठेवले पाहिजे. दुसरी कल्पना म्हणजे 'निकटतम कारण', ज्याला इंग्रजी कागदात प्रॉक्सिमेट कॉज म्हणतात. नुकसान कशाकशामुळे झाले याच्या साखळीतील परिणामकारक आणि प्रबळ कारण कोणते, हे त्यातून ठरते.

निकटतम कारणाचा फटका गाडीच्या विम्यात फार बसतो. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत पुराचे पाणी शिरले आणि आतील गाद्या, वायरिंग खराब झाले, तर सर्वसमावेशक पॉलिसीत ते पुराचे नुकसान धरले जाते. परंतु पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हापुन्हा स्टार्टर मारून चालू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी झाले, तर कंपनी म्हणते की इंजिन निकामी होण्याचे कारण पूर नसून पाण्यात इंजिन चालू करणे हे आहे, आणि हे परिणामस्वरूप नुकसान म्हणून वगळलेले आहे. इंजिन संरक्षणाचे वेगळे ॲड-ऑन घेतलेले नसेल तर हा वाद बहुधा ग्राहकाच्या विरोधात जातो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली की तिला हात न लावता ओढून काढणे, हा सल्ला मी सगळ्यांना देत असतो.

गाडीच्या बाबतीत सीमाभागाचा म्हणून एक खास प्रश्न आहे. कोल्हापूर पासिंगची, म्हणजे एमएच ०९ क्रमांकाची जुनी गाडी बेळगावात विकत घेतली जाते, ना-हरकत दाखला, कर आणि पुन्हा नोंदणी यांच्या कटकटीमुळे नाव बदलण्याचे काम महिनोन्महिने राहते, आणि विम्याचा हप्ता जुन्या मालकाच्या नावावरच भरला जातो. इथे 'विमायोग्य हितसंबंध' हा शब्द आडवा येतो. ज्या वस्तूच्या नुकसानीने तुमचे आर्थिक नुकसान होते आणि जिच्यावर तुमचा कायदेशीर हक्क असल्याचे कागद सांगतो, तिचाच विमा तुम्ही उतरवू शकता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्षाच्या विम्याचे हस्तांतरणही झाले असे मानले जाते, त्यामुळे रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला भरपाई मिळते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला हे लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. जुन्या मालकाची गाडी उरलेली नाही आणि नव्या मालकाची पॉलिसी नाही, अशा अवस्थेत दोघांपैकी कोणालाही पैसे मिळत नाहीत. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घेणे, हा त्यावरचा मार्ग आहे. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस', म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मात्र गाडीबरोबर येत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो, आणि सलग पाच दावेरहित वर्षांनंतर तो स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जातो. 'आयडीव्ही' म्हणजे गाडीची घोषित किंमत होय, ती दरवर्षी घसाऱ्याने कमी होते आणि गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर भरपाईचा आधार तीच असते. हप्ता वाचवण्यासाठी एजंट ती मुद्दाम कमी दाखवतो, त्याला नकार द्यावा.

आरोग्य विम्याकडे येताना मला पुन्हा रकमेच्याच शब्दांवर थांबायचे आहे. ५ लाखांच्या पॉलिसीत 'खोलीभाडे मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का' असे लिहिलेले असेल, तर दिवसाला ५,००० रुपयांची खोली चालते. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, आणि पाच दिवसांचे खोलीभाडे ४०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा यांचे १,६०,००० आणि औषधे, रोपण साहित्य व तपासण्या यांचे १,००,००० असे मिळून ३ लाखांचे बिल झाले. घरच्यांचा समज असा असतो की वरचे ३,००० रुपये रोज याप्रमाणे १५,००० आपण भरायचे. प्रत्यक्षात 'प्रमाणशीर कपात' लागू होते. पाच हजाराचे आठ हजाराशी जे प्रमाण आहे, त्याच प्रमाणात डॉक्टर, शस्त्रक्रियागृह आणि शुश्रूषा यांचा खर्चही कमी धरला जातो. म्हणजे खोलीचे २५,००० आणि संबंधित खर्चाचे १,००,००० मिळतात, औषधे, रोपण आणि तपासण्या यांवर अशी कपात करता येत नसल्यामुळे त्यांचे १,००,००० पूर्ण मिळतात, आणि एकूण मंजुरी २,२५,००० रुपयांची होते. पंधरा हजारांऐवजी पंचाहत्तर हजार रुपये खिशातून जातात. 'सहभाग' किंवा को-पेमेंटचे कलम असेल तर मंजूर रकमेतूनही ठरावीक टक्के वजा होतात. दाखल होतानाच्या घाईत खोलीचा वर्ग निवडणाऱ्या मुलाला किंवा जावयाला हा हिशेब माहीत असायला हवा, म्हणून तो मी एवढा सविस्तर लिहिला आहे.

'आधीपासूनचा आजार' याविषयी भीती जास्त आणि माहिती कमी आहे. मधुमेह किंवा रक्तदाब आहे म्हणून विमा मिळत नाही असे नाही. कंपनी त्यासाठी प्रतीक्षा काळ ठेवते, ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही, आणि २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद उरतो. म्हणून हप्त्याची तारीख चुकवू नये, आणि कंपनी बदलायचीच असेल तर 'पोर्टेबिलिटी'ने बदलावी, म्हणजे आधी घालवलेला प्रतीक्षा काळ हिशेबात धरला जातो. नवी पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून न पटल्यास परत करण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. हप्त्याविषयीही सांगायचे तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी काढून टाकण्यात आला आहे.

सरकारी आरोग्य योजनांना आपण विमा म्हणतो, परंतु त्या सगळ्या विमा नसतात. कर्नाटकात २०१८ पासून चालू असलेली 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' ही योजना सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट चालवतो, मध्ये विमा कंपनी नसते, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यामुळे तिथे पॉलिसी, हप्ता, सर्वेअर हे शब्द गैरलागू ठरतात आणि शिधापत्रिका, सरकारी रुग्णालयाची शिफारस आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांची यादी यांना महत्त्व येते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, हे आपण जाणतोच. त्या वादात न शिरता एवढे सांगतो की राज्याची योजना त्या राज्याच्या नियमांनी बांधलेली असते, परंतु विकत घेतलेली आरोग्य पॉलिसी राज्याची हद्द पाहत नाही. अथणी-रायबागचा माणूस मिरजेला दाखल झाला तरी पॉलिसी लागू होते, फक्त रोखविरहित सुविधेसाठी ते रुग्णालय कंपनीच्या जाळ्यात आहे का, हे आधी विचारावे.

पीक विम्यात तर शब्द हेच सर्वस्व आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली आणि शेतकऱ्याने भरायचा हप्ता विमा रकमेच्या खरिपात २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्क्यांपर्यंत ठरला. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळत होता, ती सवलत २०२५ च्या खरिपात थांबली. एका बांधाच्या अलीकडे कागल आणि पलीकडे निपाणी, अशी ज्यांची शेती दोन्ही राज्यांत विभागलेली आहे, त्यांना एकाच सोयाबीनसाठी दोन वेगळे हिशेब सांभाळावे लागतात. कर्नाटकात नोंदणी 'संरक्षणे' या संकेतस्थळावरून होते.

भरपाई मात्र दोन्हीकडे मुख्यतः 'उंबरठा उत्पन्ना'वरून ठरते. मागील सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे ७०, ८० किंवा ९० टक्क्यांनी, गुणायचे. सरासरी एकरी साडेबारा क्विंटल आणि जोखीमस्तर ८० टक्के असेल, तर उंबरठा १० क्विंटलांचा झाला. या हंगामात पीक कापणी प्रयोगांतून ७ क्विंटल उत्पन्न निघाले तर तूट ३० टक्के, आणि विमा रक्कम ५०,००० असेल तर भरपाई १५,००० रुपये. हे ७ क्विंटल तुमच्या शेतातील उत्पन्न नसते, तर तुमच्या विमा घटकाचे, म्हणजे कर्नाटकात प्रमुख पिकांसाठी ग्रामपंचायतीचे आणि इतरांसाठी होबळीचे (महसुली मंडळाचे), सरासरी उत्पन्न असते. म्हणूनच एखाद्याचे शेत पूर्ण वाया जाऊनही शेजाऱ्यांची शेते चांगली आली तर त्याला काही मिळत नाही, आणि एखाद्याचे पीक उत्तम येऊनही गावाची सरासरी घसरली तर त्याच्या खात्यात रक्कम जमा होते. गावात यावरून जे गैरसमज आणि भांडणे होतात, ती 'विमा घटक' हा शब्द कळला की पुष्कळ निवळतात.

एका शेतापुरते नुकसान पाहण्यासाठी 'स्थानिक आपत्ती' हे वेगळे कलम आहे, त्यात बहात्तर तासांच्या आत सूचना द्यावी लागते आणि ही मुदत फार कडक पाळली जाते. बळ्ळारी नाल्याच्या पाण्याने ज्यांचे भात वर्षानुवर्षे कुजत आले आहे, त्या शहापूर-वडगाव शिवारातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की भातशेती पाण्याखाली जाणे हे कारण २०१८ मध्ये स्थानिक आपत्तीतून वगळले गेले होते. ते परत समाविष्ट करण्याची, आणि वन्य प्राण्यांनी केलेले नुकसानही स्थानिक जोखमीत धरण्याची घोषणा केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली असून ती २०२६ च्या खरिपापासूनची आहे. खानापूर तालुक्यातील गवे आणि हत्ती यांचा उपद्रव पाहता ही तरतूद तिथे फार मोलाची ठरू शकते. कोणते प्राणी आणि कोणता परिसर धरायचा हे राज्याने अधिसूचित करायचे असते, त्यामुळे खानापूरच्या शेतकऱ्यांनी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात याची चौकशी करावी.

आयुर्विम्यातील लॅप्स, पेड-अप, सरेंडर, रायडर हे शब्द एजंट बऱ्यापैकी समजावून सांगतात, म्हणून त्यांवर मी वेळ घालवत नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. पहिली 'परम सद्भाव', म्हणजे कंपनीपासून महत्त्वाचे काही न लपवणे, या तत्त्वाची. प्रस्तावपत्रात 'तंबाखूचे सेवन करता का?' असा प्रश्न असतो, आणि निपाणी-चिकोडी पट्ट्यात जिथे तंबाखू शेतात, वखारीत आणि घरातही आहे, तिथे चुना-तंबाखू किंवा सकाळची मशेरी यांना कोणी व्यसनच समजत नाही. एजंट 'नाही' लिहितो, आपण सही करतो. ही माहिती कंपनीच्या दृष्टीने हप्ता ठरवणारी असते, आणि पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाल्यास तिच्यावरून दावा अडू शकतो. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. तरी खरे उत्तर देऊन थोडा जास्त हप्ता भरणे हेच विधवा होणाऱ्या बाईच्या हिताचे आहे, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

दुसरी गोष्ट नॉमिनीची. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत सर्वदूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले होते की नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो आणि ती वारसांसाठी सांभाळतो. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले यांना 'लाभार्थी नॉमिनी' असा दर्जा दिला, तेव्हा प्रश्न मिटला असे वाटले होते. परंतु ही दुरुस्ती वारसा कायद्याला बाजूला सारत नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आहे, म्हणजे इतर वारसांनी हक्क सांगितला तर नॉमिनीला वाटणी द्यावी लागू शकते. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आईचे नाव राहिलेले असते आणि लग्नानंतर कोणी बदलत नाही, त्या घरांत हा प्रश्न फार कटू होतो. पत्नी व मुलांसाठी रक्कम निर्विवाद राखायची असेल तर विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली पॉलिसी घ्यावी. ती घेतानाच तशी घ्यावी लागते, नंतर करता येत नाही.

एवढे समजून घेऊनही वाद झाला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, तिच्यात पॉलिसीतील ज्या कलमावरून कपात केली त्याचा क्रमांक लिहावा, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. कर्नाटकासाठी लोकपालाचे कार्यालय बेंगळूरला आहे आणि पश्चिम महाराष्ट्रासाठी पुण्याला. अधिकारक्षेत्र कंपनीच्या शाखेवरून किंवा तक्रारदाराच्या राहत्या पत्त्यावरून ठरत असल्यामुळे, कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतलेल्या बेळगावच्या माणसाला बेंगळूरकडेही तक्रार करता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांची दखल तिथे घेतली जाते, शुल्क लागत नाही, वकिलामार्फत तक्रार चालत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीचे अंतिम उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत ही तक्रार दाखल व्हावी लागते, म्हणून नकाराचे किंवा कपातीचे पत्र ज्या तारखेला हातात आले ती तारीख त्या पत्रावरच लिहून ठेवावी, आणि पाकीट असेल तर तेही पत्राला टाचून ठेवावे.